अपडेट आलं की लगेच टाकावं, की थांबावं?

रानफूल:
नवा फोन घेताना आपण कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, रॅम किती, हे आधी विचारतो. माझ्या मते पहिला प्रश्न हा हवा: याला सुरक्षा अपडेट किती वर्षं मिळणार? आणि अपडेट आलं की त्याच रात्री टाकून मोकळं व्हावं.

२०१५ साली अँड्रॉइड फोनमधली 'स्टेजफ्राइट' ही त्रुटी उघड झाली. नुसता एक एमएमएस पाठवून फोनमध्ये शिरता येत होतं, तो उघडायचीही गरज नव्हती. त्यानंतर गूगलने दर महिन्याला सुरक्षा दुरुस्त्या द्यायला सुरुवात केली. पण गूगलने दिली म्हणजे ती आपल्या हातातल्या फोनपर्यंत पोचली असं होत नाही. मध्ये चिपवाले आणि फोनवाले बसलेले असतात. पिक्सेल ८ (२०२३) आणि गॅलेक्सी एस२४ (२०२४) यांना ७ वर्षांचं आश्वासन मिळालं, सगळ्यांना मिळत नाही. शिवाय ही वर्षं मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही विकत घेतल्यापासून नाही. दोन वर्षं जुनं मॉडेल स्वस्तात मिळालं, तर त्यातली दोन वर्षं आधीच गेलेली असतात.

पाणवठा:
'त्याच रात्री' याला माझा ठाम विरोध.

आईच्या फोनवर मी असंच उत्साहाने अँड्रॉइडच्या नव्या आवृत्तीचं अपडेट टाकलं. सकाळी फोन सुरू व्हायचा, मिनिटभरात बंद पडायचा, पुन्हा सुरू. सेवा केंद्रात म्हणाले, फॅक्टरी रीसेट करावा लागेल, म्हणजे सगळं पुसून फोन नव्यासारखा. केला. फोन सुरू झाला, पण फोटो सगळे गेले. माझ्या वडिलांचे शेवटच्या वर्षातले फोटो त्यात होते. हल्लीच्या फोनमधली माहिती सांकेतिक रूपात असते आणि रीसेटमध्ये तिची किल्लीच पुसली जाते, त्यामुळे ते परत मिळवता येत नाहीत, हे मला नंतर कळलं.

अपडेट मागे घेण्याचाही धड रस्ता नसतो. बूटलोडर (फोन सुरू करणारा, एरवी कुलूपबंद असलेला प्रोग्राम) उघडून जुनी आवृत्ती टाकायला गेलं तरी डेटा जातोच, आणि काही फोन तेही करू देत नाहीत. मग घाई कशाला? महिनाभर थांबावं, इतरांचे अनुभव वाचावेत.

तिठा:
पाणवठा, वाचून फार वाईट वाटलं. एक विचारतो, फोनमधली जागा तेव्हा भरत आली होती का? जागा जेमतेम उरलेली असताना मोठं अपडेट टाकलं की असे घोळ होताना मी पाहिलेत. आणि मिनिटभर जरी फोन सुरू राहत असला, तरी आधी सेफ मोड करून बघायचा. बऱ्याच फोनवर पॉवरच्या मेनूत 'बंद करा' हे बटण दाबून धरलं की तो पर्याय येतो. त्यात आपण टाकलेली अ‍ॅप्स चालत नाहीत. फोन तिथे नीट चालला तर दोष बहुधा एखाद्या अ‍ॅपचा असतो, आणि फोटो तेवढ्यात उतरवून घेता येतात. रीसेट हा शेवटचा उपाय, पहिला नव्हे. तुम्हाला तिथे कुणी हे सांगितलं नाही याचा राग येतो.

मूळ वादाबद्दल: तुम्ही दोघं दोन वेगळ्या गोष्टींना अपडेट म्हणताय. मासिक सुरक्षा पॅच, म्हणजे दर महिन्याची दुरुस्ती, लहान असतो, तो लगेच टाकावा. आवृत्ती बदलणारं अपडेट वेगळं.

रानफूल:
पाणवठा, तुमचं दुःख समजतं. 'त्याच रात्री' लिहिताना बॅकअपबद्दल एक शब्दही लिहिला नाही, ही माझी चूक. ते वाक्य 'बॅकअप घेऊन त्याच रात्री' असं वाचा.

पण तिठा, तुमची विभागणी मला पूर्ण पटत नाही. काही फोनना दर महिन्याला पॅच येतच नाहीत, साचलेल्या दुरुस्त्या आवृत्तीसोबतच येतात. आवृत्ती टाळली की सुरक्षाही टळते.

काजवा:
मी वेगळ्याच बाजूने विरोध करतो. ७ वर्षांचं आश्वासन घेऊन काय करणार, बॅटरी साथ देणार आहे का? युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून नियमच केला, की ८०० चार्जिंग फेऱ्यांनंतर मूळ क्षमतेच्या किमान ८० टक्के उरली पाहिजे. रोज एक फेरी धरली तर ही दोन-सव्वादोन वर्षं. त्यामुळे निवडताना मी आधी विचारतो, बॅटरी बदलून मिळते का आणि सुटे भाग किती वर्षं मिळतील.

आणि अपडेटनंतर 'बॅटरी लगेच उतरते' अशी तक्रार करणाऱ्यांनी दोन-तीन दिवस धीर धरावा. फोन त्या काळात मागे अ‍ॅप्स नव्याने जुळवत असतो.

तिठा:
काजवा, त्याच नियमात विक्री थांबल्यापासून किमान ५ वर्षं अपडेटचीही अट आहे. म्हणजे तिथेही दोन्ही बरोबरच मागितलंय.

रानफूलना एवढंच: घाईचा तोटाही खरा आहे. मार्च २०२१ मध्ये गूगलच्याच 'सिस्टम वेबव्ह्यू'चं (अ‍ॅप्सच्या आत वेबपानं दाखवणाऱ्या भागाचं) सदोष अपडेट आलं आणि जगभर जीमेलसकट अनेक अ‍ॅप्स उघडताच बंद पडू लागली. तेव्हा वेबव्ह्यूचं अपडेट काढून टाकता आलं म्हणून लोक सुटले. आवृत्तीचं तसं काढता येत नाही.

पाणवठा:
हो, जागा जवळपास भरलेली होती. सेफ मोड हा शब्द मी आज पहिल्यांदा ऐकला.

आत्ता आईच्या नव्या फोनच्या सेटिंग्जमध्ये पाहिलं. सुरक्षा पॅच पाच महिने जुना आहे, आणि दोन अपडेट थांबलेली दिसतायत. आज सगळे फोटो संगणकावर उतरवतो, उघडून खात्री करतो आणि सुरक्षेचं अपडेट टाकतो. आवृत्तीचं मात्र महिनाभर नाहीच, रानफूल.