गॅस्ट्रोएन्टरायटिस म्हणजे पोटाचा फ्लूच का?

राजवाडा_आई: पर्चीवर अ‍ॅक्यूट गॅस्ट्रोएन्टरायटिस लिहिलंय, सासूबाई म्हणतात पोटाचा फ्लू, पण मुलाला सर्दी-खोकला काहीच नाही, नुसत्या उलट्या न जुलाब, आणि अँटिबायोटिक पण नाही दिलं?

इंदूरकर: ताई, फ्लूचा व्हायरस वेगळा. ही जठर न आतड्याची सूज, मुलांत बहुतेक रोटा नाहीतर नोरो व्हायरसमुळे, आणि व्हायरसवर अँटिबायोटिक चालतच नाही. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण 1 लिटर पाण्यात एकदमच घोळा, अंदाजाने अर्धं नको, चमच्या-चमच्याने पाजत रहा, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून परत.

सराफा_मावशी: झिंक दिलं असेल तर जुलाब थांबले तरी कोर्स पूर्ण कर गं. लघवी कमी झाली, पोर सुस्त वाटलं किंवा शीमध्ये रक्त दिसलं तर रात्र असली तरी लगेच दवाखाना गाठ.