लुगांडातली नामं: '-न्तू' लावायचं की 'ओमुन्तू'?

कंपालाकर: काल इथे कुणीतरी ठोकून दिलं, 'सगळ्यांनी मिळून लिहायच्या शब्दकोशात युगांडातल्या लुगांडा भाषेची नामं नुसत्या प्रातिपदिकाखाली, म्हणजे उपसर्ग काढून उरलेल्या भागाखाली लावा, वर्गबिर्ग कोण बघतो!' अहो, वर्ग म्हणजे नामांचे गट, आपल्या लिंगांसारखे. 'ओमुन्तू' माणूस, 'ओमुती' झाड. दोन्हीकडे 'ओमु'. पण अनेकवचन 'अबान्तू' आणि 'एमिती'. माणूस पडला तर 'अगुद्दे', झाड पडलं तर 'गुगुद्दे'. वर्ग लिहिला नाहीत तर क्रियापद काय अंदाजपंचे लावायचं?

प्रातिपदिकवाला: तो 'कुणीतरी' मीच. 'वर्गबिर्ग' तोंडातून गेलं, मान्य. पण जवळजवळ सगळी नामं ओ, ए नाहीतर अ नं सुरू होतात. तीन अक्षरांत अख्खा कोश कोंबणार?

कंपालाकर: पानं उलटायचीयत का? शोधायचंय! 'ओलुलिमी' म्हणजे जीभ, भाषासुद्धा. अनेकवचन 'एन्निमी'. नवशिक्याला तुमचं '-लिमी' स्वप्नात दिसणार? 'तेवाली मुन्तू', म्हणजे कुणी नाही, इथे तर पुढचा 'ओ'ही गळतो. प्रत्येक रूपाला पान हवंच.

आकडेमोड: आधी आकडे ठरवा. जुन्या मोजणीत जोडीला एक वर्ग, असे दहा. भाषाशास्त्रवाले एकवचन-अनेकवचन वेगळं मोजतात. नुसतं 'वर्ग 2' लिहिलंत की एकाला झाडं दिसतात, दुसऱ्याला माणसं.

सदाशिवपेठी: एवढे वर्ग सांभाळतात बिचारे, आपल्याला तीन लिंगं झेपेनात. ईमेल आला, आली की आलं? ऑफिसात यावरून माझं साहेबाशी वाजलंय.

माहेरवाशीण: आलं! आणि मजा 'आली', 'आला' नाही. सासरी पंधरा वर्षं ऐकतेय, कान किटले.

सदाशिवपेठी: ताई, आमच्या आजीला आयुष्यभर मजा 'आला'. तिला अशुद्ध म्हणणार?

माहेरवाशीण: आजीला मध्ये आणू नका. मुद्दा संपला की सगळ्यांना आजी आठवते.

कंपालाकर: धागा लुगांडाचा आहे हो! परका शब्द कसा मुरवावा ते त्यांच्याकडून शिका. पुस्तक 'एकिताबो', आपलीच किताब. त्यातला 'कि' त्यांनी सरळ वर्गाचा उपसर्ग धरला, अनेकवचन 'एबिताबो'. ना साहेब, ना सासर.

प्रातिपदिकवाला: म्हणजे प्रातिपदिक '-ताबो'? अरबीत असलं काही नाही. आता कुठल्या पानावर लावता?

कंपालाकर: 'एकिताबो'च्याच. व्युत्पत्तीत किताब लिहीन.

प्रातिपदिकवाला: लिहा. '-न्तू'चं पानही ठेवा म्हणजे झालं. तिकडे फिरकणारा मी एकटाच असेन, चालेल.

माहेरवाशीण: आणि मजा आलीच.