जुन्या ट्यूब टीव्हीत हॉरिझॉन्टल आउटपुट ट्रान्झिस्टर सारखा उडतोय

२१ इंची सेट आहे, पडद्यावरचं आडवं स्कॅनिंग आणि हाय व्होल्टेज चालवणारा हा ट्रान्झिस्टर नवीन टाकला की थोडा वेळ चालतो आणि परत शॉर्ट, बी प्लस (त्याला मिळणारा मुख्य डीसी सप्लाय) बरोबर येतंय, मग काय बघू?

> कलेक्टरजवळचा १६०० किंवा २००० व्होल्टचा रिट्रेस कॅपॅसिटर (बीम परत फिरताना येणारा पल्स आवरणारा) आधी बदल. व्हॅल्यू कमी झाली की पल्स वाढतो, हाय व्होल्टेज वाढतं आणि ट्रान्झिस्टर जातो. साधा कमी व्होल्टेजचा टाकू नकोस हां.

> ट्रान्झिस्टर मरायच्या आधी खूप तापतो का? मग ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मरचे पाय परत सोल्डर कर, तिथे ड्राय सोल्डर (तडकलेला, सैल जोड) हमखास असतं, मग बेसला ड्राइव्ह (ट्रान्झिस्टर चालू-बंद करणारा सिग्नल) कमी पडतो.

> आणि टेस्टिंग सिरीज बल्ब (सप्लायच्या वाटेत करंट मर्यादित ठेवायला जोडलेला बल्ब) लावूनच, नाहीतर ट्रान्झिस्टर फुकट जातील. तरीही उडला तर फ्लायबॅक (हाय व्होल्टेज बनवणारा ट्रान्सफॉर्मर) किंवा योक (पिक्चर ट्यूबच्या मानेवरची कॉइल) शॉर्ट.