वृद्धाश्रमाची तूट अनामतीतून भरणं बरोबर आहे का?

महालकर:
नागपुरात हिंगणा रोडकडच्या आमच्या छोट्या वृद्धाश्रमात 24 जण राहतात. प्रत्येकी महिन्याला 9,000 घेतो, खर्च येतो 12,500. दरमहा 84,000 ची तूट. इतकी वर्षं ती नव्याने येणाऱ्यांच्या अनामतीतून भरून राहिलो. गेल्या हिवाळ्यात दोन महिन्यांत तीन आजी गेल्या. एकीचा मुलगा तेरवीनंतर पावती घेऊन आला, घडीवर फाटत आलेली, 1 लाखाची. खात्यात तेवढे नव्हते. "पंधरा दिवस थांबा" म्हणताना मला त्याच्याकडे बघवेना. अनामत म्हणजे आपल्यावरचं देणं, ते उत्पन्न नाही. शुल्क 12,500 करायलाच हवं.

गणेशपेठची लेक:
नाही पटत, दादा. माझे बाबा एम्प्रेस मिलमध्ये होते. 2002 मध्ये मिल बंद झाली. ईपीएस-95 ची, म्हणजे कामगारांच्या पीएफवाल्या पेन्शन योजनेची, किमान पेन्शन 2014 मध्ये महिन्याला 1,000 ठरली. तेवढ्यात जगणाऱ्याने 12,500 कुठून आणायचे? ज्यांच्यासाठी ट्रस्ट काढला, तेच आधी बाहेर पडतील. कंपन्यांकडून सीएसआर, म्हणजे समाजकार्यासाठीचा निधी, मागा ना!

जुना हिशेबनीस:
वृद्धाश्रम कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत, म्हणजे सीएसआर चालणाऱ्या कामांच्या यादीत, आहेत, ताई. पण मी पाहिलं ते असं: कंपन्या खोल्या बांधून देतात, सोलर बसवून देतात; आयाबाईंचा पगार द्यायला कोणी तयार होत नाही. सोलर जरूर मागा, मे महिन्यात कूलरचं बिलच कंबर मोडतं. पण महालकर, दरवाढीआधी अनामतीची वेगळी एफडी करा. ती मोडायला सगळ्या विश्वस्तांच्या सह्या लागतील असा ठराव घ्या. नाहीतर वाढलेलं शुल्कही असंच जिरेल.

महालकर:
एफडीचं मान्य. ताईंचंही खरं आहे. मग असं करू: खरा खर्च सगळ्यांना लेखी कळवायचा, ज्यांना झेपत नाही त्यांचे वरचे 3,500 एकेका देणगीदाराकडून घ्यायचे. चेकनेच, कारण 2,000 च्या वर रोख दिले तर देणगीदाराला त्यावर आयकरात सूट मिळत नाही.

गणेशपेठची लेक:
आणि देणगीदार तिसऱ्या महिन्यात थांबला तर? आजोबांना कोण सांगणार? थकबाकीसाठी कोणालाही बाहेर काढणार नाही, हा ठराव आधी लिहून फलकावर लावा. मग दरवाढीचं बोलू. एक आजोबा मीही घेते.