मदत हवी आहे: अप्पांना मेलिऑइडोसिस, औषध चालू असताना पोटॅशियम वाढलंय

नमस्कार. जरा लांब लिहितेय, पण काही सुटायला नको.

माझे वडील (आम्ही अप्पा म्हणतो) ६१ वर्षांचे, कुडाळ तालुक्यात भातशेती. मधुमेह जुना आहे. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि बीपीसाठी टेल्मिसार्टन चालू आहे. गावी आई आणि दादा असतात, मी ठाण्याला.

जुलैत लावणी आटपली आणि आठवड्याभरात अप्पांना हुडहुडी भरून ताप आला. लावणीच्या दिवसांत त्यांच्या टाचांच्या भेगा इतक्या उललेल्या असतात की रात्री आई खोबरेल कोमट करून लावते. त्याच पायांनी दिवसभर चिखलात. ताप आला तेव्हा भेगांचा विचार कुणाच्या मनातही आला नाही. दोन अँटिबायोटिकचे कोर्स झाले. ताप उतरायचा, परत चढायचा. एक्स-रेत उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला डाग दिसला, वजन सहा किलो उतरलं होतं, म्हणून टीबीचं औषध सुरू केलं. थुंकीत टीबीचे जंतू दोन्ही वेळा सापडले नव्हते. अठरा दिवस ते औषध घेतलं आणि एका रात्री अप्पा बरळायला लागले, बीपी खाली गेलं. गाडी करून गोव्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं.

तिथे रक्ताचं कल्चर (रक्तातला जंतू वाढवून ओळखायची तपासणी) लावलं. चौथ्या दिवशी लॅबमधल्या मॅडम स्वतः वॉर्डात आल्या आणि पहिलाच प्रश्न विचारला, "हे शेतात काम करतात का?" रक्तात बर्कहोल्डेरिया स्युडोमॅलाय निघाला, मेलिऑइडोसिस होतो तो याच जंतूने. हा जंतू मातीत आणि साचलेल्या पाण्यात राहतो. पायाच्या जखमेतून शिरतो, जोराच्या पावसात श्वासातूनही जातो, आणि मधुमेह असेल तर फारच जोर करतो. सोनोग्राफीत प्लीहेतही दोन गळवं दिसली. चार आठवडे शिरेतून सेफ्टाझिडिम हे अँटिबायोटिक दिलं. माणूस वाचला. त्या मॅडमचे पाय धरावेसे वाटतात.

आता घरी को-ट्रायमॉक्साझोल (हेही अँटिबायोटिकच), सकाळी तीन आणि रात्री तीन गोळ्या, सोबत फॉलिक अॅसिड. बारा आठवडे सांगितलंय, त्यातला पाचवा चालू आहे. अशक्तपणा आहे म्हणून आई रोज दोन शहाळी देते, जेवण बरं आहे.

काल रक्त तपासलं तर पोटॅशियम ५.८, क्रिएटिनिन (किडनीचं काम कळतं ते) १.१ वरून १.४. गावातले डॉक्टर म्हणाले, "एवढा डोस कशाला? बंदच करा." गोव्याची ओपीडीची तारीख सहा दिवसांनी आहे. त्यात अप्पांचं चाललंय, "ताप नाय, खोकलो नाय, मगे गोळये कित्याक? आणि भात कोण कापतलो?"

गोळ्या बंद कराव्यात का? सहा दिवस थांबावं का? कापणीला ते मळ्यात उतरले तर चालेल का? आणि आई अजून त्यांचं ताट-पेला वेगळा ठेवते, त्याची गरज आहे का? कुणाच्या घरी हा आजार झाला असेल तर कृपया लिहा.

प्रतिसाद: आंबोलीचा पाऊस

ताई, मी मायक्रोबायोलॉजीत आहे. आधी महत्त्वाचं. ५.८ घेऊन सहा दिवस थांबू नका. आजच कुडाळ-सावंतवाडीत फिजिशियन गाठा, ईसीजी काढा, पोटॅशियम परत तपासा. छातीत धडधड, हातापायांत कमालीचा अशक्तपणा असं काही असेल तर थेट कॅज्युअल्टीत.

जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. को-ट्रायमॉक्साझोलने पोटॅशियम वाढतं, टेल्मिसार्टननेही वाढतं, दोन्ही एकत्र म्हणजे भर पडणारच. आणि त्यावर रोज दोन शहाळी! शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असतं. ती आजपासून बंद. आईंना बोल लावू नका, आपल्याकडे आजारी माणसाला सगळे हेच देतात. आणखी एक, मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडसोबत को-ट्रायमॉक्साझोल असलं की साखर अचानक खाली जाऊ शकते. घाम, थरथर झाली तर लगेच ग्लुकोमीटर लावा.

गोळ्या परस्पर बंद करू नका. शिरेतलं औषध जोर मोडतं, पण जंतू आत दबा धरून राहतो. त्याला संपवायला हे तीन महिने लागतात. बीपीची गोळी बदलता येते, डोस कमी करता येतो, अगदीच नाही झेपलं तर दुसरं औषधही देता येतं, पण ते गोव्याच्या डॉक्टरांनी ठरवायचं. ओपीडीची वाट न बघता वॉर्डात नाहीतर लॅबमध्ये फोन करा. त्या मॅडम नक्की निरोप पोचवतील.

ताट-पेला वेगळा नको. माणसाकडून माणसाला हा आजार अगदी क्वचित होतो.

टीबीच्या औषधाबद्दल मनाला लावून घेऊ नका. १९१२ मध्ये रंगूनहून व्हिटमोर आणि कृष्णस्वामी यांनी या रोगाचं पहिलं वर्णन छापलं, तरी आजही टीबी समजून औषध दिल्याच्या केसेस आम्ही बघतो. कल्चरमध्येही हा जंतू स्युडोमोनास गटातला दुसराच कुठला तरी समजून सोडून दिला जातो. कोकण, गोवा, उडुपी-मंगळुरू या पट्ट्यात पावसाळ्यात मधुमेही शेतकऱ्याचा ताप हटत नसेल तर कल्चर लावलंच पाहिजे. एवढं एक माझं मागणं आहे.

प्रतिसाद: कारवारची सून

आमच्या सासऱ्यांनी सातव्या आठवड्यात बरं वाटतंय म्हणून गोळ्या सोडल्या. पाच महिन्यांनी प्रोस्टेटमध्ये गळू होऊन परत तीन आठवडे अॅडमिट. तुमच्या अप्पांना हे वाचून दाखवा. सासरे आता गमबूट घातल्याशिवाय चिखलात पाय टाकत नाहीत, जखम असेल तर त्या दिवशी शेतच नाही.

धागाकर्ती

दोघींचे मनापासून आभार. काल दुपारीच दादा अप्पांना घेऊन गेला. ईसीजी ठीक आहे, पोटॅशियम परत केलं तर ५.६. लॅबच्या मॅडमना फोन लागला, त्यांनी तासाभरात डॉक्टरांशी बोलणं करून दिलं. टेल्मिसार्टन बंद करून बीपीसाठी अॅम्लोडिपिन दिलंय, को-ट्रायमॉक्साझोल एक-एक गोळीने कमी करून चालू ठेवलंय, शहाळी बंद. साखर दिवसातून तीनदा बघायची.

सासऱ्यांचं वाचून दाखवलं. अप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग दादाला म्हणाले, "दोन गडी सांग." कापणी परवापासून. ते पडवीत खुर्ची टाकून बसणार आहेत. आईने त्यांचं ताट परत सगळ्यांच्या ताटांत ठेवलंय.

रक्त पुन्हा शुक्रवारी. रिपोर्ट आला की इथेच लिहिते.