शस्त्राले इख चढवायचा विधी बॅलन्स कसा करू? (डी अँड डी, होमब्रू म्हंजे घरी बनवलेला रूल)

कपाशीतला_डीएम

राम राम मंडळी. हिंगणघाटच्या बाजूचं गाव हाय आमचं. पाच पोट्टे आमी, दर रविवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून गोष्ट खेळायचा गेम) खेळतो, पाचवी एडिशन, डीएम म्हंजे गोष्ट चालवनारा मीच कारण दुसरं कोणी तयार नाई. पुस्तक कोणाजवळच नाई, जानेवारी २०२३ मधी एसआरडी ५.१, म्हंजे गेमचे मूळ रूल, क्रिएटिव्ह कॉमन्समधी खुलं केलं ना त्याइनं, त्याची पीडीएफ मोबाईलवर घेऊन बसतो, तेवढ्यावरच गाडी चालून राहिली.

आता झालं असं का पार्टी (पोट्ट्याइच्या कॅरेक्टरची टोळी) लेव्हल ५ ले हाय आन समोर किल्ल्यावरची मोठी लढाई हाय. आमचा क्लेरिक (देवाच्या नावानं मंत्र म्हननारा) खेळनारा पोट्टा म्हनते मले शस्त्रावर इख चढवायचा विधी पाह्यजे, सगळे गोल उभे राहतीन, तो मंत्र म्हनन, दहा मिनिटात सगळ्याइच्या तलवारी, भाले, बाण हिरवे पडतीन. ऐकायले भारी वाटलं, म्या पन जोशात हो म्हनून टाकलं. नाव ठेवलं इखधार. रूल असा केला का रिच्युअल हाय म्हनून स्लॉट (मंत्राचा मोजका कोटा) जात नाई, तासभर टिकते, दर फटक्याले १डी६ (सहा बाजूचा एक फासा पडन तेवढं) पॉइझन डॅमेज जास्तीचं, चौघाइलेही.

मागच्या रविवारी ट्रायल म्हनून नाक्यावरच्या डाकूंसंग लढाई लावली. दोन राउंडात साफ, माह्या चहा थंडा व्हायच्या आत. आता थो पोट्टा प्रत्येक दरवाज्यापुढं म्हनते "थांबा, गोल उभे राहा". मंग एसआरडीत बेसिक पॉइझन पाह्यलं तर थे शंभर सोन्याच्या नाण्याले एक शिशी, लावायले एक अ‍ॅक्शन, मिनिटभर टिकते, आन समोरच्यानं डीसी १० चा कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (अंगबळावर फासा टाकून दहा गाठायचे) हुकवला तरच १डी४. म्या फुकटात केवढं देऊन बसलो थे तवा समजलं. काढून घेतलं तर रुसते, ठेवलं तर किल्ल्यात मजा नाई. काय करू?

टी२०_नाय_डी२०

भाऊ आधी हिशोब बघ. चार जण, तीन राउंड, बारा फटके. शंभरातले पासष्ट लागतात असं धर म्हणजे आठेक लागले, १डी६ ची सरासरी साडेतीन, झाले सत्तावीस-अठ्ठावीस. फायरबॉल म्हणजे ८डी६, सरासरी २८. म्हणजे तू त्याला दर लढाईत एक फायरबॉल फुकट देऊन राहिला, ज्याच्यासाठी विझार्डला तिसऱ्या लेव्हलचा स्लॉट जाळावा लागते आणि लेव्हल ५ ला तसे दोनच असतात. फायरबॉल एका वेळी पाच-सहा जणांना भाजतो ते वेगळं, पण फुकट ते फुकट.

तुझ्या पीडीएफमध्ये नाही पण मोठ्या पुस्तकात एलिमेंटल वेपन म्हणून पॅलाडिनचा तिसऱ्या लेव्हलचा स्पेल आहे. एकाच शस्त्रावर चालतो, फटक्याला +१, डॅमेजला १डी४, तासभर टिकतो पण कॉन्सन्ट्रेशन लागते, मार बसून ध्यान तुटलं की संपला. आणि त्यात अ‍ॅसिड, थंडी, आग, वीज, गडगडाट एवढंच, विष नाहीच. तुमच्याकडं चार शस्त्रं, ना स्लॉट ना कॉन्सन्ट्रेशन. तूच सांग.

मी तुझ्या जागी असतो तर कॉन्सन्ट्रेशन लावलं असतं, १डी४ केलं असतं, मिनिटभर टिकवलं असतं, विषय संपला. क्लेरिकला एक दगड नीट बसला की सगळ्यांच्या तलवारी कोरड्या.

मण्यार_मारू_नका

थांबा ना बे जरा, काहून त्या पोट्ट्याच्या मांगं लागले. इख हे या गेममधलं सगळ्यात गरीब डॅमेज हाय. सांगाडे, झॉम्बी, गोलेम, डेव्हिल कोणालेच लागत नाई, ड्वार्फले अर्धंच लागते. किल्ल्यात सांगाडे भर, झालं बॅलन्स.

पन माह्यं खरं म्हननं वेगळं हाय. इख म्हंजे डॅमेजचा आकडा नाई राजेहो. मी साप पकडतो, गावोगावचे फोन येते मले, म्हनून सांगतो. घोणस चावली का रक्त गोठनंच बंद होते, हिरड्यातून बी येते. नाग आन मण्यार नसा धरते, पापण्या जड होऊन डोळे उघडत नाई. आन मण्यारचं तर पहिले दुखतच नाई, रातच्यानं खाली झोपलेल्या माणसाले चावते, दाताची खून धड दिसत नाई, पोट दुखून उठते आन घरचे म्हनते रातची भाजी बाधली. आता हे गेममधी आन ना! फटका मारला, काहीच झालं नाई, समोरचा हासते, आन त्याच्या पुढच्या टर्नच्या शेवटी डीसी १३ चा सेव्ह, हुकला का स्पीड अर्धी आन रिअ‍ॅक्शन बंद. घोणस पाह्यजे असन तर दर टर्नले १डी४ रक्त जाते, जोपर्यंत कोणी एक अ‍ॅक्शन देऊन जखम दाबत नाई. विधी करतानीच ठरवायचं कोणता साप बोलवायचा. एक फटका एक इख, मंग धार कोरडी.

आन गेममधी मंत्रानं इख उतरवता थे ठीक हाय, पन गावात कोणाले चावलं तर पारावर बसवू नका, सरळ दवाखाना. घोड्याच्या रक्तातून बनवते थे इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस, फुरसं चारीवर चालते. सॉरी, सवय पडली बोलायची.

टी२०_नाय_डी२०

सापाची आयडिया एक नंबर, घेऊन टाकली मी पण. पण सांगाडे भरा हा उपाय नाही भाऊ, ही बदमाशी झाली. पोट्ट्यानं हौसेनं मागितलं, तू हो म्हटलं, आणि मग गावभर असेच शत्रू ठेवले ज्यांना लागतच नाही. त्यापेक्षा सरळ नाही म्हणावं.

धानपट्ट्यातली_ड्रुइड

मी चंद्रपूरच्या मूल गावाकडची, आमचा ग्रुप चौघींचा. वरच्या सगळ्यांनी विष किती लागते ते सांगितलं, ते येते कुठून हे कोणी विचारलंच नाही. शिशीतून आलं तर ते दुकानच झालं, विधी कशाला पाहिजे मग?

पोळ्याची मारबत आठवा ना. नागपुरात काळी-पिवळी मारबत आणि बडगे निघतात ते सगळ्यांना माहीत आहे, पण खेड्यात पोळ्याला दारापुढं पळसाचे मेढे ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ते उचलून शिवेबाहेर नेऊन फेकतात, ओरडत ओरडत, ईडा पीडा रोगराई घेऊन जा गे मारबत. आजी तर माश्या-मुरकुटं, खोकला, शेजारणीची नजर सगळं मोजून मोजून द्यायची तिच्यासोबत. म्हणजे घरातलं सगळं वाईट एका फांदीत गोळा करायचं आणि गावाच्या हद्दीपार करायचं. तुमची इखधार म्हणजे हेच, फक्त मधल्या वेळेत ते वाईट तलवारीला पाजायचं.

आमच्याकडं मी असं लिहिलं असतं: पळसाचा मेढा मधात रोवायचा, प्रत्येकानं शस्त्र टेकवायचं आणि आपली एक पीडा बोलून दाखवायची, कॅरेक्टरची, खरी, गंमत नाही. बोललं की एक हिट डाय (आराम करताना जखम भरायचा फासा) गेला, त्यानं बरं व्हायचं नाही, तो विष झाला. ज्याला बोलायचं नाही त्याची धार कोरडी. आणि लढाई झाल्यावर सूर्य उगवायच्या आत मेढा शिवेपलीकडं नेऊन फेकायचा. नाही फेकला तर डीसी १५ चा सेव्ह, हुकला की पुढच्या लाँग रेस्टपर्यंत (रात्रभराचा आराम) पॉइझन्ड, म्हणजे दोन फासे टाकून लहान आकडा घ्यायचा, प्रत्येक अटॅक आणि अ‍ॅबिलिटी चेक डिसअ‍ॅडव्हान्टेजनं. विष कोणाचं होतं? तुमचंच. मग ते घरी परत येणारच.

असं केलं की तुमचा क्लेरिक प्रत्येक दरवाज्यापुढं गोल करणार नाही. लेव्हल ५ ला हिट डाय पाचच असतात.

नुसता_वाचतो

मी इथं कधी लिहीत नाही, बॅलन्सचं मला कळत पण नाही, पण एक सांगावंसं वाटलं.

आमच्या ग्रुपमध्ये असाच सीन होता. गोब्लिनच्या गोदामात डबे सापडले आणि डीएम सहज बोलून गेला का घ्या, भाल्याले औषध लावून घ्या. त्याच्या मनात काही नव्हतं. पण आपल्याकडं औषध म्हणजे काय, दवाखान्यातलं पण औषध आणि कपाशीवर मारायचं पण औषध, आणि "त्यानं औषध घेतलं" म्हटलं का पुढं कोणी काही विचारत नाही. एक पोट्टा उठून बाहेर गेला. आम्हाला वाटलं फोन आला असन. पंधरा मिनिटं झाली तरी आला नाही तेव्हा एकाला त्याच्या काकाचं आठवलं.

यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या फवारणीत वीसच्या वर माणसं विषबाधेनं गेली, ते तर पेपरात तरी आलं. एकेका घरातलं येत नाही.

आता आम्ही पहिल्या दिवशीच विचारून घेतो, कोणाला काय नको ते डीएमला एकट्यात सांगायचं, कारण द्यायची गरज नाही. विष बंद नाही केलं आम्ही. साप, विंचू, बिब्बा, जादूचं काय पाहिजे ते चालते. डबा आणि फवारणीचा पंप टेबलवर येत नाही आणि औषध हा शब्द जखम बरी करायलाच वापरतो. वरच्या ताईंनी पीडा बोलायचं लिहिलं ते फार आवडलं, पण तिथं जरा सांभाळून, कॅरेक्टरची म्हणता म्हणता स्वतःची निघते.

धानपट्ट्यातली_ड्रुइड

हो, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मोठ्यानं बोलायची सक्ती काढून टाका मग, मेढ्याजवळ मनात बोललं तरी चालन. हिट डाय तसाही जाणारच.

कपाशीतला_डीएम

नुसता_वाचतो भाऊ, तुमची पोस्ट वाचून म्या माह्यी वही उघडली. किल्ल्याच्या तळघरात म्या पिंपं ठेवले होते, वर कवटीचं चित्र, लय हुशारी केली असं वाटत होतं. खोडलं. तिथं वारूळ केलं आता. आन चौघाइलेही एकेकट्याले विचारलं. दोघं काहीतरी बोलले. थे इथं नाई लिहीत.

काल खेळलो. मेढा घेतला, मण्यार घेतली, एक फटका एक इख. क्लेरिकवाला पोट्टा खराच पळसाची फांदी घेऊन आला, बॅगमधी कोंबून, अर्धे पानं मोडलेले. सगळ्याइनं शस्त्र म्हनून आपापला पेन टेकवला. आमचा बार्बेरियन लय बडबड्या हाय, थो मेढ्याजवळ डोळे मिटून एवढा वेळ गप राह्यला का आमी बी गप झालो.

लढाईत पह्यलाच बाण किल्लेदाराले लागला. म्या सांगतलं काही झालं नाई, तो हासते. सगळे माह्याकडं पाहून राह्यले, क्लेरिकचं तोंड एवढंसं. पुढच्या टर्नले किल्लेदार जिन्यावरून खाली उतरासाठी निंगाला आन सेव्हले ४ पडले. अर्ध्या जिन्यातच पाय जड. खोलीत जो आरडाओरडा झाला, खालून वाचनालयाचे काका वर आले पाह्यले का कोण पडलं म्हनून.

किल्ला जिंकला. पन बारा वाजता थ्री फेज लाईट आली, क्लेरिकवाल्याले हरभऱ्याले पानी द्यायचं होतं, तो पळाला मोटर चालू करायले, बाकीचे बी उठले, आन मेढा शिवेबाहेर टाकतो असं कोणीच बोललं नाई. म्या लिहून ठेवलं, सगळे सेव्ह मारतीन रविवारी.

तर सकाळी साडेपाचले त्याचा मेसेज. फोटो हाय, अंधारच हाय अजून, टॉर्चच्या उजेडात थे पळसाची फांदी धुऱ्यापलीकडच्या नाल्यात पडलेली. खाली लिहिलं, "शिवेबाहेर टाकला, सूर्य नाई उगवला, आता पॉइझन्ड नाई ना?"

मानू का हे?

धानपट्ट्यातली_ड्रुइड

ओरडला होता का ते विचारा आधी. न ओरडता टाकला असन तर मानू नका.