रस्त्याकडेच्या स्मृतिफलकावर मजकूर किती असावा? ओतीव घ्यावा की कोरीव?

वेशीवरचा
एका शिक्षिकेचा स्मृतिफलक रस्त्याकडेला उभा करायचा आहे. १०० × ७५ सेंमी, ओतीव अॅल्युमिनियम, दोन खांबांवर, मजकूर देवनागरीत. रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची परवानगी हातात आहे. अडलंय ते मजकुरापाशी: १८० शब्द झालेत आणि कुणी एक ओळ गाळू देत नाही. जन्मवर्षही दोन कागदांत एका वर्षाने वेगळं येतंय. शिवाय ओतीवऐवजी ग्रॅनाइट घ्यावा असाही आग्रह आहे. जाणकारांनी सांगावं.

खिळेजोड
१८० शब्द कोंबता येतील, पण वाचले जाणार नाहीत. हिशेब मांडा. चारी बाजूंनी ६ सेंमी समास सोडला की ८८ × ६३ सेंमी उरतात. त्यातले ११-१२ सेंमी शीर्षकाला जातात. तीन-चार मीटरवर उभं राहून विनासायास वाचायचं तर मजकुराचं अक्षर २२ ते २५ मिमी हवं. देवनागरीत वर मात्रा-वेलांट्या आणि खाली उकार, त्यामुळे ओळीपासून ओळीचं अंतर अक्षराच्या उंचीच्या पावणेदोन पट तरी ठेवावं लागतं. नाहीतर वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या रफारात घुसतो. म्हणजे ओळी अकरा-बारा, ओळीला साधारण आठ शब्द. नव्वदच्या वर जाऊ नका.

गाडीतल्या माणसासाठी मजकूर लिहूच नका. ताशी ६० किमी वेगात सेकंदाला जवळपास १७ मीटर मागे पडतात आणि ५ सेंमीचं अक्षर पंधरा-वीस मीटरवर येईपर्यंत लागत नाही. हाताशी जेमतेम एक सेकंद, त्यात नाव वाचून झालं तरी पुष्कळ. शीर्षकात नाव आणि जन्म-मृत्यूची वर्षं एवढंच घाला आणि जिथे गाडी बाजूला घेता येते तिथेच फलक उभारा. वळणावरची जागा फुकट मिळाली तरी घेऊ नये.

दप्तरखाना
गाळायला सुरुवात विशेषणांपासून करा. 'थोर', 'अलौकिक', 'अजरामर' वाचून त्या बाईंनी काय केलं ते कळत नाही. लंडनला १०, हाउली प्लेस या घरावर लोकमान्य टिळकांची निळी गोल पाटी आहे. तिच्यावर नाव, १८५६–१९२०, 'भारतीय देशभक्त आणि तत्त्वज्ञ' आणि १९१८–१९१९ मध्ये इथे राहत होते, एवढंच. कोण, कधीचे, कशासाठी ओळखले जातात आणि या जागेशी संबंध काय, ही चार उत्तरं आधी बसवा. उरलेल्या जागेत ठोस काम लिहा. समितीची नामावळ नकोच. तळाशी फलक कुणी आणि कोणत्या साली लावला ही एक ओळ मात्र हवी, कारण पुढे नवा पुरावा निघाला तर मजकूर कधीच्या माहितीवर बेतला होता ते कळतं.

'पहिली', 'सर्वांत जुनी' हे शब्द लेखी पुरावा असेल तरच. तीन पुस्तकांनी एकाच पुस्तकातून उचललं असेल तर तो पुरावा एकच धरायचा. मूळ घर पाडलेलं असेल तर 'येथे' लिहू नका, कोणत्या दिशेला किती मीटरवर होतं ते लिहा.

एका वर्षाचा फरक असेल तर आधी कालगणना तपासा. इसवी सन काढायला शक वर्षात एरवी ७८ मिळवतात, पण १ जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या तारखेला ७९. बरेच जण सरसकट ७८ मिळवून मोकळे होतात. जॉर्ज वॉशिंग्टनचा जन्म जुन्या (ज्युलियन) कालगणनेने ११ फेब्रुवारी १७३१ आणि नव्या (ग्रेगोरियन) कालगणनेने २२ फेब्रुवारी १७३२. तेव्हा ब्रिटिश वसाहतींत वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, म्हणून सालसुद्धा बदलतं. दोन्ही नोंदी बरोबर आहेत. एवढं करूनही निकाल लागला नाही तर 'सुमारे' लिहा. धातूत ओतलेलं चुकीचं साल पुढचे सगळे लेख खरं धरून चालतात.

ओतशाळा
ग्रॅनाइट चोरीला जात नाही, ही त्याची जमेची बाजू. पण घोटलेल्या काळ्या दगडात आभाळच दिसत राहतं आणि कोरलेल्या अक्षरांतला रंग उन्हापावसाने उडाला की मजकूर पुसट होतो. घ्यायचाच तर पृष्ठभाग बिनचकाकीचा ठेवा.

ओतीवमध्ये सगळी मेख देवनागरीच्या बारकाव्यांत. रेघांमधली फट ३ मिमीपेक्षा कमी असेल तर साच्यातली वाळू तिथे टिकत नाही, मोडते आणि फट धातूने भरते. 'ष्ट्र', 'द्ध', 'क्ष' यांचे गोळे होतात ते याच कारणाने. अनुस्वाराचा ठिपका ५ मिमीचा ठेवा, उठाव ३ मिमी, अक्षरांच्या कडांना थोडा उतार. अॅल्युमिनियम थंड होताना मीटरला सुमारे १३ मिमी आक्रसतं, म्हणून ज्यावरून साचा काढतात तो नमुना तेवढा मोठा करावा लागतो.

मजकूर टाइप केलेल्या स्वरूपात पाठवू नका. नमुना कापणाऱ्या यंत्रावरच्या प्रणालीला देवनागरी जुळवता येत नसेल तर पहिली वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरं फुटून पाय मोडलेली दिसतात. अक्षरांची बाह्यरेषा करूनच, म्हणजे अक्षरं चित्रासारखी करून, पीडीएफ द्या. त्याआधी पूर्ण मापाचा कागदी छाप भिंतीवर लावून, मजकूर न लिहिलेल्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्या.

वेशीवरचा
मजकूर ८६ शब्दांवर आणतोय. खांब लोखंडी आहेत, चालतील?

खिळेजोड
जस्तलेपित असतील तर चालतील, पण फलक थेट त्यांच्यावर टेकवू नका. ओल मिळाली की दोन धातूंच्या सांध्यात अॅल्युमिनियम झिजतं आणि बोल्टभोवती पांढरी भुकटी दिसू लागते. बोल्ट ३१६ दर्जाच्या स्टेनलेसचे, त्यांना नायलॉनची नळी आणि वॉशर. पाइपाचं वरचं तोंड बंद करा. जमिनीच्या वर जेवढी उंची, तिच्या निम्मं खाली काँक्रीटमध्ये. बुडाला आडवी सळई जोडली की खांब वाऱ्याने फिरत नाही. काँक्रीटचा माथा बाहेरच्या बाजूला उतरता करा, पाणी खांबापाशी साचलं तर गंज तिथूनच धरतो.

ओतशाळा
रंगाआधी एच प्राइमर (etch primer, धातूला रंग धरून राहावा म्हणून मारायचा पहिला थर) मारल्याची खात्री करून घ्या. तो नसेल तर अॅल्युमिनियमवरून रंगाचे पापुद्रे सुटतात.